गोन्झागांचा पैसा आणि त्यांचे कलावंत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इटलीतल्या मान्तुआ शहरावर राज्य करणाऱ्या गोन्झागा घराण्यावरचा माझा लेख तुम्हाला भाटगिरी वाटला. तुमचे आक्षेप तीन आहेत. हे लोक भाडोत्री सेनापती होते, त्यांचा पैसा रक्ताचा. कलावंत त्यांच्या दारचे गुलाम होते आणि धन्याची खुशामत रंगवत होते. आणि हे घराणं नसतं तरी ती कला झालीच असती. तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, तर उत्तरही नीट द्यायला हवं.

पैशाबद्दल वादच नाही. १३२८ मध्ये बोनाकोल्सी घराण्याला उखडून गोन्झागांनी मान्तुआ बळकावलं आणि पुढे कित्येक पिढ्या मोबदला घेऊन दुसऱ्यांच्या लढाया लढल्या. तुमच्या बाजूचा याहून जड पुरावा मीच देतो. दानिएले दा नोर्सा नावाच्या ज्यू सावकाराने मान्तुआत घर घेतलं. भिंतीवर मेरीमातेचं चित्र होतं. ते त्याने चर्चच्या अधिकाऱ्यांची रीतसर परवानगी काढून पुसून टाकलं. तरी लोक खवळले. १४९५ च्या फोर्नोव्होच्या लढाईनंतर मान्तुआचा तेव्हाचा राजा फ्रान्चेस्को गोन्झागाला विजयाचं स्मारक हवंच होतं. नोर्साकडून ११० दुकात (सोन्याची नाणी) वसूल झाले, त्यातून दरबारी चित्रकार मान्तेन्याने मेरीमातेचं भव्य चित्र केलं. नोर्साचं घर पाडून त्याच जागी त्या चित्रासाठी चर्च उभं राहिलं. चित्रात फ्रान्चेस्को चिलखत घालून मेरीपुढे गुडघे टेकून बसलाय. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. चित्र अप्रतिम आहे आणि त्याचे पैसे एका निर्दोष माणसाला नाडून उभे केलेले आहेत.

पण ‘गुलाम’ हे मला मुळीच मान्य नाही, कारण दरबारचा पत्रव्यवहार टिकून आहे आणि त्यात वेगळीच माणसं दिसतात. मान्तेन्याला बोलावताना फ्रान्चेस्कोचा आजोबा लुडोव्हिको गोन्झागाने काय देऊ केलं? महिना १५ दुकात, राहायला घर, सहा माणसांना पुरेल इतकं धान्य आणि सरपण. मान्तेन्या तरीही लगेच हलला नाही. हातातली कामं उरकून १४६० मध्ये आला. अटी ठरवून, सावकाश नोकरी धरणारा माणूस आहे हा. आणि खुशामतीचं म्हणाल, तर १४९३ मध्ये इझाबेल्ला देस्ते, म्हणजे फ्रान्चेस्कोची बायको, मान्तेन्याने काढलेल्या आपल्या व्यक्तिचित्रावर इतकी नाराज झाली की यात आपल्यासारखं काहीच नाही म्हणून तिने ते मैत्रिणीला पाठवायचं नाकारलं.

इझाबेल्लाचा हट्टीपणा मी लेखातही लपवलेला नाही. १५०३ मध्ये चित्रकार पेरुजिनोशी करार करताना तिने प्रसंग, देवदेवता, कोण कुठे उभं राहणार, सगळं लिहून दिलं. आकृत्या कमी करायची मुभा होती, मनाने वाढवायची नाही. १०० दुकातांचं ते चित्र हाती आलं तेव्हा तैलरंगात का नाही, म्हणून तिने नापसंती कळवली. पेरुजिनोने बहुतांशी ते पाळलं आणि चित्र निर्जीव झालं, असं माझं मत आहे. व्हेनिसचा चित्रकार जोव्हानी बेल्लिनी याने मात्र २५ दुकात आगाऊ घेऊनही तिने दिलेला विषय रंगवला नाही. इझाबेल्ला उचल परत मागू लागली, कोर्टाची भाषा करू लागली, तरी शेवटी मिळालं ते त्याच्या पसंतीचं चित्र, येशूजन्माचं. पुढे बेम्बो या साहित्यिकाने तिला स्पष्टच कळवलं की या चित्रकाराला बंधनं रुचत नाहीत, त्याला मनासारखं भटकू द्यावं लागतं. लिओनार्दोने तर तिचं एक रेखाटन केलं आणि रंगीत चित्रासाठी तिला कायम ताटकळत ठेवलं. हे कसले गुलाम?

तुमचं म्हणणं जिथे खरंच लागू पडतं ते उदाहरण दरबारी संगीतकार मोन्तेवेर्दीचं. १६०७ मध्ये त्याचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा (संगीत नाटक) मान्तुआत झाला, त्याच वर्षी बायको गेली, आणि लगोलग १६०८ च्या राजघराण्यातल्या लग्नासाठी त्याला पुन्हा जुंपलं. त्या वर्षअखेरीच्या पत्रात तो आजारपण, कर्ज, तुटपुंजा पगार सगळं ओकलाय. १६१२ मध्ये त्याला काढूनच टाकलं. १६२० मध्ये मान्तुआहून पुन्हा बोलावणं आलं तेव्हा तो व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या चर्चमध्ये मानाने नोकरीत होता. इथे पगार घरी येतो, तिथे स्वतःच्या हक्काच्या पैशांसाठी खजिनदारापुढे हात पसरावे लागले, आयुष्यात इतका अपमान झाला नव्हता, असं त्याने लिहून कळवलं आणि तो गेला नाही.

राहिला तिसरा मुद्दा. मान्तेन्या कुठेही थोर चित्रकार झाला असता, कबूल. पण मान्तुआच्या सान जोर्जो किल्ल्यात त्याने रंगवलेली ती खोली झाली नसती. १४६५ ते १४७४, इतकी वर्षं एका खोलीवर! लुडोव्हिको हातात पत्र घेऊन चिटणिसाकडे वळलाय, खुर्चीखाली कुत्रा पडलाय, आजूबाजूला मुलं, दरबारी, एक ठेंगणी बाई. कुणालाही सुंदर करायचा आटापिटा नाही. छतावर रंगवलेलं गोल भगदाड, त्यातून आभाळ दिसतं, कठड्यावरून बायका खाली डोकावून हसताहेत, आणि एक कुंडी अशी ठेवलीय की आता डोक्यात पडते की काय वाटावं. हे याच घरातल्या याच माणसांचं चित्र आहे. गिऱ्हाईक बदललं की चित्र बदललं असतं.

ती खोली भिंतीवरच रंगवलेली, म्हणून जागेवर राहिली. उचलून नेण्यासारखा उत्तम संग्रह मात्र १६२७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत या घराण्याने इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकून टाकला. मान्तेन्याची सीझरच्या विजययात्रेची नऊ चित्रं आज इंग्लंडच्या राजसंग्रहात आहेत. मला या घराण्याचा खरा राग येतो तो इथे. त्या विक्रीवर स्वतंत्र लेख लिहितो आहे. तिथेही असंच रोखठोक लिहा.