जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या गटांनी फेऱ्यांपेक्षा दुरुस्तीचे दिवस अधिक भरवावेत

पणजीत मांडवीच्या काठाने जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची रांग निघाली की लोक थांबून पाहतात, मुले हात हलवतात आणि मालकाला आपल्या कष्टांचे चीज झाल्यासारखे वाटते. त्या आनंदाला माझा मुळीच विरोध नाही. परंतु त्या गाड्या धावतात त्या आधी कुणीतरी त्यांच्याखाली आडवे होऊन काम केलेले असते म्हणून, आणि ते काम जाणणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून आमच्यासारख्या हौशी गटांनी फेऱ्या थोड्या कमी कराव्यात आणि सदस्यांनी एकत्र जमून स्वतःच्या हातांनी गाड्या दुरुस्त करण्याचे दिवस वाढवावेत, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या रविवारी फोंड्याजवळ एका सदस्याच्या शेडमध्ये आम्ही असा दिवस केला. एक एमजीबी आणि एक ट्रायम्फ स्पिटफायर या दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या होत्या आणि एक स्टँडर्ड हेरल्डही होती. हेरल्ड ही काही स्पोर्ट्स गाडी नव्हे; पण स्पिटफायरची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, हेरल्डच्याच चासीवरून बेतलेली आहे आणि हेरल्ड 1961 पासून मद्रासमध्ये तयार होत होती. त्यामुळे स्पिटफायरच्या पुढच्या सस्पेन्शनचे किंवा मागच्या अ‍ॅक्सलचे काम समजून घ्यायचे असेल, तर शेजारी हेरल्ड उभी असणे फार उपयोगी पडते.

सकाळचा बहुतेक वेळ एमजीबीच्या दोन एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरांनी, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागांनी, घेतला, आणि तो अगदी सत्कारणी लागला. वयाची सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री आम्हांला शिकवायला आले होते. त्यांनी प्रथम दोन्ही कार्ब्युरेटरांतल्या पिस्टनवरच्या डँपरमधील, म्हणजे पिस्टनची हालचाल मंद करणाऱ्या भागातील, तेल पाहायला लावले, कारण ते कमी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि माणूस उगाच पेट्रोल सोडणारा जेट फिरवत बसतो. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींमधून आत जाणाऱ्या हवेचा आवाज सारखा करायचा. हे जमल्यावरच मिश्रणाकडे वळायचे. पिस्टन किंचित, म्हणजे जेमतेम 0.8 मिलिमीटर, उचलल्यावर इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन बंद पडू लागले तर कमी आहे, आणि क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावले तर मिश्रण बरोबर आहे. एका तरुण सदस्याने घाईने पाना उचलला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “आधी कान लाव रे बाबा, पाना मागाहून.” ही रीत पुस्तकांत छापलेली आहे, पण “क्षणभर” म्हणजे किती, हे त्यांच्या शेजारी उभे राहून ऐकल्यावरच मला कळले.

हत्यारांचीही अडचण असते. या गाड्यांचे नट इंचांच्या मापाचे, तर आपल्या गॅरेजांत बहुतेक पाने मिलिमीटरचे असतात, आणि 12.7 मिलिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, नटावर 13 चा पाना लावला की तो घसरून नटाचे कोपरे खातो. तारांच्या चाकांचे मधले नट गाडीच्या उजव्या बाजूला उलट्या आट्याचे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस सैल करण्याच्या नादात ते आणखी आवळत जातो.

गोव्याच्या हवेत तर या कामाला पर्याय नाही. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते आणि मग सिलिंडर आतून गंजतात. एमजीबीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पट्ट्या तिचा भार पेलतात आणि नेमक्या त्याच खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांनी आतून पोखरल्या जातात. रंग चकचकीत असला तरी पाणी निचरायची भोके मोकळी आहेत का, हे खाली वाकूनच पाहावे लागते. आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यामुळे जुन्या रबरी नळ्या बदलणेही टाळता येत नाही.

2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हीए अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. ही व्यवस्था चांगली आहे. मात्र मूळ रूप राखायचे, तर मूळ भाग उघडून पुन्हा नीट बसवणारे हात हवेत.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मग तो कितीही अनुभवी असो. खाली स्टँड आणि जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळे लागलेच पाहिजेत. आणि जुन्या ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, तीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

याहून मोठा आग्रह मिस्त्रींबद्दल आहे. हे लोक आपल्या दिवसाला येतात तेव्हा त्यांना चहा-जेवणावर आणि कौतुकावर बोळवणे मला पटत नाही. ते शिकवायला आलेले असतात. त्यांना पूर्ण दिवसाचे मानधन गटाच्या वर्गणीतून मिळाले पाहिजे. तसेच आयटीआयमधल्या मुलांना बोलावले पाहिजे, आणि त्यांना बाजूला उभे करून प्रेक्षक न बनवता त्यांच्या हातात फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पट्ट्यांचा संच, दिला पाहिजे. गाड्या आमच्या असल्या तरी हे कौशल्य पुढे चालवणार ती मुलेच आहेत.

पुढचा दिवस दिवाळीनंतर ठेवावा आणि त्यात स्पिटफायरचे मागचे ब्रेक उघडावेत, असा विचार आहे. मित्रहो, आपल्या ओळखीत डिचोली, म्हापसा, मडगाव किंवा वास्को येथे अशा गाड्यांवर काम केलेले जुने मिस्त्री असतील, तर कृपया मला कळवा. त्यांना घरून आणण्याची आणि परत पोहोचवण्याची व्यवस्था आम्ही करू. कुणाकडे इंचाच्या पान्यांचा जुना संच पडून असेल, तर तोही त्या दिवसापुरता हवा आहे.