दरडोई डॉलर आणि पोलादाचे टन

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखानदारांच्या ग्रुपांवर सध्या एक आलेख फिरतोय. त्याखालचा मजकूर थोडक्यात असा: १९९० मध्ये भारताचं दरडोई उत्पन्न चीनपेक्षा जास्त होतं, म्हणजे कारखानदारीतही आपण तोडीस तोड होतो. चीनने सुधारणा १९७८ ला सुरू केल्या, आपण १९९१ ला. फरक काय तो तेरा वर्षांचा, बाकीचं काम हुकूमशाहीने केलं. आणि आता आपला वेग जास्त आहे, तेव्हा गाठलंच समजा.

आलेखातला आकडा खरा आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

‘१९९० ला आपण तोडीस तोड होतो’

जागतिक बँकेच्या आकड्यांत १९९० ला भारताचं दरडोई उत्पन्न सुमारे ३७० डॉलर आणि चीनचं सुमारे ३२०, हे बरोबर. पण हे चालू विनिमय दराने काढलेले डॉलर आहेत. १९८० मध्ये एका डॉलरला दीड युआन पडत होता, १९९० मध्ये पावणेपाचच्या वर. त्या दहा वर्षांत चीनचं दरडोई उत्पादन प्रत्यक्षात दुपटीवर गेलं, डॉलरच्या आलेखात मात्र १९५ चे ३१८ एवढंच दिसतं. रुपयाही घसरला, पण युआनइतका नाही. आर्थिक इतिहासकार अँगस मॅडिसन यांनी किमतींतला फरक काढून टाकून जे अंदाज केले, त्यांत ही बरोबरी १९७८ च्या सुमारास दिसते. १९९० पर्यंत चीन बराच पुढे गेलेला आहे.

आणि हे झालं सगळं मिळून उत्पन्न, शेती-दुकानदारीसकट. कारखान्याची गोष्ट असेल तर माल मोजावा. १९५० मध्ये आपलं पोलाद साधारण १५ लाख टन होतं आणि चीनचं ६ लाख. तेव्हा आपण खरोखर पुढे होतो! १९५७ ला चीन ५३ लाख टनांवर गेला, आपण १८ लाखांच्या आतच. भिलाई-राउरकेलाच्या भट्ट्या अजून पेटायच्या होत्या. १९७८ ला चीन ३ कोटी १८ लाख, आपण सुमारे १ कोटी. विजेचंही तेच. १९५० ला दोघांकडे पाच अब्ज युनिटच्या आसपास, १९७८ ला त्यांच्याकडे सुमारे २५७ अब्ज आणि आपल्याकडे ११० अब्ज. लोकसंख्या त्यांची आपल्या दीडपटही नव्हती. आपल्याकडे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे संच एकेक करून उभे राहत होते, त्या काळात वीज पुरवून वापरायची म्हणून राज्यातल्या कारखान्यांच्या सुट्टीचे वार वाटून द्यावे लागले. पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी त्यातलीच.

म्हणजे दरी पडली ती सुधारणांच्या आधी. मेसेजमधली तारीखच चुकली आहे.

याच वादात दुसऱ्या बाजूचे लोक चीनचा सुधारणांआधीचा ‘वर्षाला अकरा टक्के औद्योगिक वाढ’ हा आकडा फेकतात. तोही जपून घ्या. तो एकूण उत्पादनमूल्याचा आहे, मूल्यवर्धनाचा, म्हणजे घेतलेल्या मालाची किंमत वजा करून उरणाऱ्या भरीचा, नाही. अंबडमधल्या जॉबवर्कवाल्याला हे समजावायला नको: फोर्जिंग एकाकडे, मशिनिंग दुसऱ्याकडे, प्लेटिंग तिसऱ्याकडे, आणि तिघांनीही मटेरियलसकट बिल लावलं. तिन्ही टर्नओव्हर बेरजेत घेतले तर तेच लोखंड तीनदा मोजलं जातं. आपल्याकडे सरकारची वार्षिक उद्योग पाहणी मूल्यवर्धन वेगळं काढते, पण तिच्यात येतात ते मुख्यतः नोंदणी झालेले कारखाने, म्हणजे ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेले. चार लेथ आणि सहा माणसांचं शेड त्यातून सुटतं. म्हणूनच टन आणि युनिट बरे.

‘फरक तेरा वर्षांचा’

चीनने वर्षाला १० कोटी टन पोलादाचा टप्पा १९९६ ला ओलांडला, भारताने २०१७ ला. एकवीस वर्षं. २०२४ मध्ये आपण जवळपास १५ कोटींवर पोचलो. चीन तिथे २००१ मध्ये होता. तेवीस वर्षं. तेराचं अंतर स्थिर राहिलं नाही, वाढलं.

‘हुकूमशाहीने केलं’

हुकूमशाही १९५८ मध्येही होती. तेव्हा पोलाद वर्षात दुप्पट करायचं फर्मान निघालं, गावोगावी परसात भट्ट्या लावल्या, आणि जाहीर केलेल्या १ कोटी ११ लाख टनांपैकी सुमारे ३० लाख टन टाकाऊ निघालं. शेतावरची माणसं भट्टीवर गेली, वर धान्याचे फुगवलेले आकडे आणि त्यावरून केलेली वसुली. त्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. १९६० मधलं १ कोटी ८७ लाख टन पोलाद १९६१ मध्ये ८७ लाखांवर आलं. तीच राजवट, तोच पक्ष. एकाच कारणाने चढही समजावायचा आणि ही आपटीही, हे जमत नाही. त्यापेक्षा वीज आणि साक्षरता बघा: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधले साधारण दोन तृतीयांश प्रौढ लिहू-वाचू शकत होते, आपल्याकडे निम्म्याहून कमी.

‘आता आपला वेग जास्त’

वेग जास्त आहे, खरंच. पण पाया बघा. २०२४ मध्ये चीनचं पोलाद १०० कोटी टनांच्या घरात होतं. त्यांचा एक टक्का म्हणजे एक कोटी टन. आपले सहा टक्के म्हणजे ९० लाख.