पलंगाखाली किती मावतं

केबिनचं दार उघडून आत पाऊल टाकल्या टाकल्या आई म्हणाली, "आपली खोली हिच्यापेक्षा मोठी होती."

खरंच होती. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. बोटीवरची ही केबिन १४०, आणि त्यातही संडास-बाथरूम आत. (ते मात्र चाळीत पॅसेजच्या टोकाला होतं, तेव्हा हिशेब फिटला म्हणायचा.) त्या खोलीत आम्ही आठ माणसं राहिलो. इथे तिघंच होतो. फरक एवढाच, की चाळीतल्या आठ जणांकडे मिळून एकही ट्रॉली बॅग नव्हती.

मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. सामान चार बॅगा. एक बायकोची, एक आईची आणि दोन माझ्या. घरातल्या बायकांच्या सामानावर विनोद करायची माझी फार इच्छा होती, पण आकडे माझ्या बाजूने नव्हते. माझी एक बॅग कपड्यांची आणि दुसरी 'लागलं तर' बॅग. तिच्यात टॉर्च, सुतळी, डिसेंबर असून छत्री, चार प्रकारच्या गोळ्या, एक्स्टेंशन बोर्ड, चहाची इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री.

शेवटच्या तीन वस्तू बॅलार्ड पिअरवर सामान मशीनमधून जातानाच बाहेर निघाल्या. बोटीला पाण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त असते, हे तिथल्या माणसाने मला समजावलं आणि तिन्ही वस्तू ठेवून घेऊन पावती दिली. पन्नाशी उलटल्यावर इस्त्री जप्त होणं हा अनुभव वेगळाच असतो. मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे पाहत होते.

बॅगांना पट्ट्या बांधून त्या आमच्याकडून काढून घेतल्या आणि 'संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतील' असं सांगितलं. त्यामुळे दुपारभर ती केबिन फार प्रशस्त वाटली. आम्ही पलंगावर पाय पसरून बसलो, फोटो काढले, बहिणीला पाठवले. 'मस्त आहे गं,' तिने कळवलं. ते फोटो आता पाहिले की फसवणुकीचा पुरावा वाटतात.

साडेआठला जेवून आलो तर दारात चारही बॅगा उभ्या. आत घेतल्या आणि केबिन संपली.

माझी मोठी बॅग कडक कवचाची, अठ्ठावीस इंची. दुकानात ती फार रुबाबदार दिसली होती. पण ही बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते, म्हणजे ती उघडायला तिच्या दुप्पट जमीन लागते, हे दुकानदार सांगत नाही. पलंग आणि टेबल यांच्यामध्ये जेवढी जमीन होती तेवढ्यात ती अर्धवट उघडायची आणि मगरीसारखा जबडा वासून थांबायची. मी त्या फटीत हात घालून चाचपून पायजमा काढला. निघाला तो मफलर.

कपाट होतं. त्याचा वरचा खण तीन नारिंगी लाइफ जॅकेटांनी भरलेला, आणि ती हलवायची नाहीत अशी सूचना. ते योग्यच आहे, पण बुडायची वेळ येईपर्यंत शर्ट ठेवायचे कुठे? बायको बॅगेवर बसून माझ्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही जरा हलता का? मला उठायचंय." मी हललो असतो, पण माझ्यामागे दुसरी बॅग होती.

तेव्हा आई पलंगावरून म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर जा बघू."

चाळीत हाच नियम होता. खोली आवरायची तर आत एकच माणूस, बाकीच्यांनी पॅसेज गाठायचा. बीडीडीची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको: मधोमध लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, एका मजल्यावर वीस खोल्या. आम्ही केबिनबाहेर आलो आणि मी चमकलोच. तसाच पॅसेज, तशीच दारं, आणि दारोदार हाकलून दिलेले नवरे. समोरच्या केबिनमधले नागपूरचे काका हातात तीन हँगर घेऊन उभे होते. "आत मॅडम सामान लावतेय," ते म्हणाले. फक्त गालिचा सोडला तर नळाला पाणी यायची वेळ झाली आहे असंच वाटत होतं.

वीस मिनिटांनी दार उघडलं. जमीन दिसत होती! लहान बॅगा मोठीच्या पोटात गेल्या होत्या, आणि ती मोठी आता पलंगाखाली जायची होती. त्यासाठी मी पलंगाचा कोपरा उचलला आणि बायकोने लाथेने ढकललं. माझ्या पँटी गादीखाली एकावर एक घातलेल्या. "सकाळपर्यंत कडक होतील," आई म्हणाली. जागाही वाचली, इस्त्रीही झाली. बाथरूममध्ये परकराची नाडी या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणून तिच्यावर टॉवेल. 'लागलं तर' बॅगेतली सुतळी मी पुढे केली. तिने ती परत ठेवायला सांगितली.

चादरी बदलायला आलेला मुलगा नाडीकडे पाहून हसला. आईने त्याला तिथेच धरला. "खंयचो रे तू?" काणकोणचा निघाला. मग मालवणी आणि कोंकणी असं दोन्हीकडून सुरू झालं. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. त्याचे वडीलही तारवटीच होते. खाली त्याची स्वतःची केबिन याहून लहान, दोघांत मिळून एक, एकावर एक बंक, आणि आठ महिन्यांचं सामान एका बॅगेत. मी माझ्या बॅगांसमोर उभा राहून त्या दिसणार नाहीत असं पाहिलं. जाताना त्याने खिशातून लोहचुंबकाचे दोन हूक काढून भिंतीवर टक्‌कन चिकटवले. भिंत लोखंडी! बोट लोखंडाची असते हे मला शाळेपासून माहीत होतं, पण भिंतीला चुंबक लागेल हे काही सुचलं नव्हतं. माझ्या बॅगेत जगातलं सगळं होतं, चुंबक सोडून.

मला झोपायला वरचा बंक. चाळीत मी माळ्यावर झोपायचो. चाळीस वर्षांनी, दरम्यान तीन घरं बदलून, हप्ते फेडून, पैसे भरून पुन्हा माळ्यावर. तिकडे वरळीत त्या खोल्यांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं होत आहेत.

रात्री खालून आईचा आवाज. "विजयदुर्ग आलं काय रे?"

केबिनला खिडकी नव्हती. मी टीव्ही लावला. एका वाहिनीवर निळ्या रंगात बोटीचा ठिपका सरकत होता. लग्नानंतर आई कोकण बोटीने माहेरी जायची, भाऊच्या धक्क्यावरून. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी करत विजयदुर्ग. डेकवर चादर अंथरली की तेवढी जागा आपली, ट्रंक उशाला, आणि बंदर आलं की पडावात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या होडीत, उतरायचं.

"अजून नाही आलं," मी म्हणालो.

"पडाव लागला की उठव," ती म्हणाली आणि झोपली. सकाळी बोट मुरगावला लागली तेव्हा माझ्या पँटी खरोखरच कडक झाल्या होत्या.

शेवटच्या रात्रीचा नियम असा, की बॅगा भरून बाराच्या आत दाराबाहेर ठेवायच्या. त्या रात्रीत खाली नेतात. मोठी बॅग पलंगाखालून बाहेर यायला तयार नव्हती. काणकोणच्या मुलाने ओढली आणि मी पलंग धरला. काजू आणि कोकम यांच्यामुळे कुठलीच बॅग बंद होईना, तेव्हा सुतळी लागली. मी आईकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

साडेअकराला जाग आली तर आईची जागा रिकामी. दार उघडलं. ती पॅसेजमध्ये माझ्या 'लागलं तर' बॅगेवर बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन.

"अगं आई, इथे कोणी नेत नाही सामान."

"चाळीतही कोणी नेत नव्हतं. तुझ्या बाबांची नवी छत्री गेलीच ना?"

यावर उत्तर नव्हतं. मी शेजारच्या बॅगेवर बसलो. समोरचं दार किलकिलं झालं, नागपूरच्या काकांनी आम्हाला पाहिलं, थोडा विचार केला आणि बाहेर येऊन तेही आपल्या बॅगेवर बसले. तेवढ्यात माझ्यामागे आमचं दार आपोआप लागलं. कार्ड आत, चपला आत, बायकोही आत, गाढ झोपलेली.

सामान तेवढं सगळं आमच्याजवळ होतं.