पोरगं किती मिनिटं खेळलं, ते आधी लिहा

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा क्रीडा संकुलावर सकाळी जाऊन बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल सामना चाललेला असतो. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या जारपाशी, नवी कोरी जर्सी घातलेली पाच लेकरं बसलेली असतात. सामना संपतो, संघ हरतो, सगळे गाडीत बसून गावाकडं निघतात. त्या पाच जणांच्या मोज्यांना मुरमाची धूळसुद्धा लागलेली नसते. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यामुळं त्यांचं त्या वर्षाचं फुटबॉल तिथंच संपतं.

जरा गणित मांडू. सोळा संघांची बाद फेरीची स्पर्धा म्हणजे एकूण पंधरा सामने, आणि आठ संघ एकच सामना खेळून घरी. सामना २५-२५ मिनिटांचा धरला तर एका संघाच्या वाट्याला अकरा गुणिले पन्नास, म्हणजे ५५० खेळाडू-मिनिटं येतात. संघात सोळा मुलं असतील आणि वाटणी सारखी केली तर प्रत्येकाला साधारण ३४ मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात अकरा जणांना पन्नास आणि पाच जणांना शून्य मिळतात. कधी कधी चार गोलनं मागं पडल्यावर शेवटच्या तीन मिनिटांसाठी कुणाला तरी आत पाठवलं जातं. त्याला खेळवणं म्हणत नाहीत. प्रमाणपत्रावर नाव येतं एवढंच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. बारा-तेराव्या वर्षी पुढं कोण खेळाडू होणार हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्या वयात मैदानावरची मिनिटं सगळ्यांत वाटली पाहिजेत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण फुटबॉलला लावू नका. मुलांची उंची झपाट्यानं वाढण्याचा काळ साधारण तेरा-चौदाव्या वर्षी येतो, पण कुणाचा बाराव्या वर्षीच येऊन जातो, कुणाचा पंधराव्यापर्यंत येत नाही. एकाच वर्गातली दोन मुलं, एक दुसऱ्याच्या खांद्याला लागेल इतकी छोटी, हे चित्र सातवी-आठवीत सगळीकडं दिसतं. मोठा मुलगा लांब मारतो, धक्का देऊन पुढं निघतो, गोल करतो. आपण म्हणतो, हा तयार खेळाडू आहे. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि त्याच्याकडं ताकदीशिवाय काही शिकलेलं नसतं. ज्या छोट्याला पायातला चेंडू सांभाळून, मान वर करून खेळायची सवय लागली असती, तो तोपर्यंत खेळ सोडून गेलेला असतो.

जन्मतारखेचंही तसंच. वयोगटाची रेघ १ जानेवारीला मारलेली असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, मधे जवळजवळ वर्षाचं अंतर. निवड झालेल्या संघांत वर्षाच्या सुरुवातीचे महिने जास्त दिसतात, ही गोष्ट जगभर नोंदली गेली आहे. आपल्या संघाची यादी काढून पहिल्या तिमाहीत जन्मलेले किती ते मोजा. (पूर्वी शाळेत सर्रास १ जून लिहायचे, तो काळ आता जन्मदाखल्यांमुळं मागं पडला. पण कमी वय दाखवून खेळवणं अजून थांबलेलं नाही, आणि त्यात हक्काची जागा जाते ती खऱ्या वयाच्या लहान पोराची. हाडांवरून वय पाहणारी टीडब्ल्यू-थ्री चाचणी फुटबॉल महासंघ वापरतो ती उगाच नाही.)

आता कामाचं. बाक, म्हणजे बाहेर बसून राहणं, फक्त सामन्यात नसतो, सरावातही असतो. त्याला आपण रांग म्हणतो. चोवीस मुलं, एक चेंडू, गोलसमोर रांग, एकेकानं येऊन शॉट मारायचा. एक शॉट, चेंडू आणणं, पुढचा तयार होणं, यात पंधरा सेकंद धरा. वीस मिनिटांत ऐंशी शॉट होतात, म्हणजे प्रत्येकाला तीन, फार तर चार. उरलेला सगळा वेळ पोरगं रांगेत उभं राहून पुढच्याच्या शर्टाशी खेळतंय. त्याच वीस मिनिटांत चार विरुद्ध चारचे तीन सामने लावा. साधारण २५ बाय २० मीटरची तीन मैदानं फक्कीनं आखा. फक्की नसेल तर कोपऱ्यांवर चपला ठेवा. गोलसाठी दप्तरं ठेवा, विटा ठेवू नका, नडगी फुटते. गोलकीपर नाही, गोल दोन पावलं रुंद. तीन चेंडू लागतात. इथं प्रत्येक मुलाला दर मिनिटाला काही ना काही करावं लागतं, कारण लपायला जागाच नसते.

चेंडूचा आकारही बघा. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. आठ ते बारा वयाला चार नंबर पुरतो, त्याहून लहानांना तीन. मुरमाच्या मैदानावर गुळगुळीत कातडीसारख्या आवरणाचा चेंडू महिन्याभरात सोलला जातो, रबरी आवरणाचा टिकतो. हवा दगडासारखी टम्म भरू नका. अंगठ्यानं जोर लावून दाबल्यावर थोडा आत जायला हवा. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा राज्यभर शाळांना चेंडू दिले गेले होते. कपाटात अजून त्यातला एखादा असेल तर आधी वॉल्व्हमध्ये ग्लिसरीनचा थेंब टाका आणि सुई ओली करून घाला. कोरडी सुई घुसवली की वॉल्व्ह फाटतो आणि चेंडू कायमचा जातो.

बारा वर्षांपर्यंत अकरा-अकराचा सामना नकोच. मोठा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्याखाली दीड मीटरपेक्षाही कमी उंचीचं पोरगं उभं करायचं आणि डोक्यावरून गेलेल्या चेंडूबद्दल त्यालाच ओरडायचं, हा अन्याय आहे. शिवाय त्यातून सगळा संघ एकच गोष्ट शिकतो, लांबून उंच मारा. सात-सातचा सामना, ५० ते ५५ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद मैदान, पाच मीटर बाय दोन मीटरचा गोल. एवढ्यात मुलं पास देऊ लागतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची २०१८ मधली गोल्डन बेबी लीग लहानांच्या छोट्या सामन्यांसाठीच होती.

आणि आता ती वाटणी. घोडं इथंच पेंड खातं, कारण सामना सुरू झाल्यावर कुणाच्याच डोक्यात हिशेब राहत नाही. म्हणून तो आदल्या रात्री कागदावर करायचा. समजा सात जणांचा संघ, यादीत दहा मुलं, सामना चाळीस मिनिटांचा. दहा-दहा मिनिटांचे चार भाग करा. प्रत्येक भागात सात जागा, म्हणजे एकूण २८. आठ मुलं तीन-तीन भाग खेळतील आणि दोघं दोन-दोन. चोवीस आणि चार, अठ्ठावीस झाले. पुढच्या सामन्याला ते दोघं बदलायचे. कागदावर आधी कोण बसणार ते लिहा, कोण खेळणार ते नंतर. प्रत्येक भागात तिघं बसतील. बसणारे लिहिले की कुणी सलग दोनदा बसतंय का ते लगेच दिसतं. खेळणारे लिहिले की दिसत नाही.

यात चुका ठरलेल्या होतात. सगळी कच्ची मुलं एकाच भागात येतात, त्या दहा मिनिटांत तीन गोल बसतात आणि पालक म्हणतात, बघा, हेच होणार होतं. कच्च्याच्या शेजारी पक्का ठेवा, विशेषतः मध्यात. दुसरी चूक म्हणजे कच्च्या मुलाला कायम उजव्या कडेला उभं करणं. तिथं चेंडू फिरकतच नाही. कागदावर त्याची तीस मिनिटं दिसतात, पायाला चेंडू चारदा लागलेला असतो. त्याला मध्यात आणा, बॅकला खेळवा, आणि सामना बरोबरीत असताना खेळवा. तिसरी चूक गोलीची. जाड किंवा उंच मुलगा दिसला की त्याला गोलमध्ये टाकतात आणि तो शाळा सुटेपर्यंत तिथंच राहतो. बारा वर्षांपर्यंत गोली दर भागाला बदलावा, आवडीनं उभं राहणारा असला तरी त्याला निम्मा वेळ पायानं खेळू द्यावं.

बाहेर काढलेला मुलगा परत आत येऊ शकतो का, हा प्रश्न पंच हमखास काढतात. खेळाच्या नियमांत लहान मुलांच्या आणि प्राथमिक पातळीवरच्या फुटबॉलसाठी अशी परतीची बदली ठेवायची मुभा आहे, राष्ट्रीय संघटनेची मान्यता हवी. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेच्या पत्रकात ते छापून घ्या. ऐन सामन्यात वाद घालून उपयोग नसतो.

चांगल्या खेळणाऱ्या पोराचं नुकसान होतं, असं काही पालक म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. त्याचं उत्तर त्याला सगळी मिनिटं देणं हे नाही. त्याला सरावात मोठ्या गटात घाला, सामन्यात डाव्या पायानं खेळायला सांगा, फॉरवर्डवरून मिडफिल्डला आणा. उलट मला त्या पोराची काळजी वेगळीच वाटते. एका शाळेत एक बरं खेळणारं लेकरू असलं की ते चौदाच्या गटात खेळतं, सतराच्या गटात खेळतं, क्लबसाठी खेळतं, एकाच महिन्यात. त्यात उंची वाढण्याचा काळ आणि खालून सिमेंटसारखा मुरूम. गुडघ्याच्या वाटीखाली जिथं हाड थोडं पुढं आलेलं लागतं तिथं दुखायला लागतं, जिना उतरताना, मांडी घालून उठताना. किंवा टाच दुखते आणि पोरगं चवड्यावर चालतं. हा वाढीच्या वयातला ताण आहे, मलम चोळून पळवायचा विषय नाही. धावणं कमी करा, डॉक्टरांना दाखवा, लांब स्टडचे बूट काढून आखूड रबरी दाण्यांचे घाला. साधा निकष असा: आठवड्याला सराव आणि सामने मिळून जेवढे तास होतात ते मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास ही वरची हद्द. बाकावरच्याला शून्य आणि याला वीस, हे दोन्ही आजार एकाच वाटणीतून आलेत.

क्रीडा शिक्षकांची बाजू खोटी नाही. हरलो तर मुख्याध्यापक पुढच्या वर्षी संघ पाठवत नाहीत, दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी पालक मागं लागतात, एका सरांकडं कबड्डी, खो-खो, फुटबॉल सगळंच असतं. म्हणून वयाप्रमाणं नियम वेगळा ठेवा आणि जूनमध्येच पालकसभेत कागदावर द्या. बारापर्यंत प्रत्येक सामन्यात प्रत्येकाला किमान निम्मा वेळ. चौदापर्यंत बाद फेरीत प्रत्येकाला निदान एक सलग पंधरा मिनिटांचा तुकडा, आणि सराव सामन्यांत निम्मा. सतराच्या गटात चढाओढ असू द्या, तिथं संघ निवडण्याचा सरांना पूर्ण हक्क आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेली आयसो ही मुलांची फुटबॉल संघटना प्रत्येकाला किमान निम्मा सामना देण्याच्या नियमावर उभी आहे. नॉर्वेमध्ये अकरा वर्षांखालच्या मुलांचे निकाल आणि गुणतक्ते लावतच नाहीत, आणि त्यांच्याकडं खेळाडूंची कमतरता नाही.

मिनिटं सरावाच्या हजेरीशी जोडावीत का? माझ्या मते जोडावीत, कौशल्याशी जोडू नयेत. पण बीड, धाराशिव, जालन्याकडच्या शाळांनी इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू दिवाळीच्या आगेमागे जातं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर परततं. त्याच्या हाती जून ते ऑक्टोबर एवढेच महिने असतात. वर्षाच्या हजेरीवर मोजलं तर ते कायम बाकावर. त्याची हजेरी तो गावात असलेल्या महिन्यांवरच काढा, आणि त्या महिन्यांत त्याला जास्त खेळवा.

मुलींच्या गटात बाकाचा प्रश्न फारसा येत नाही, तिथं अकरा जणी जमवतानाच दमछाक होते. सात-सातची स्पर्धा ठेवली तर नऊ-दहा मुली असलेल्या शाळाही उतरतील.

शेवटी मैदानाचा प्रश्न. एक मोठं मैदान, समजा शंभर बाय साठ मीटर. त्यावर आडवी दोन छोटी मैदानं आखा, मधे पाच मीटर मोकळे सोडा. आठ शाळा घ्या. प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं तर २८ सामने, म्हणजे सात रविवार, दर रविवारी चार सामने. सामना वीस-वीस मिनिटांचा आणि मधली अदलाबदल धरून पन्नास मिनिटं. दोन मैदानांवर सातला सुरू केलं तर आठ चाळीसला सगळं आटोपतं, ऊन तापायच्या आत. पंच म्हणून त्याच शाळांतली अकरावीची दोन पोरं, शिट्टी आणि घड्याळ देऊन. दहाच्या संघातल्या प्रत्येक मुलाला सात सामन्यांत सरासरी १९६ मिनिटं मिळतात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सुरू केलं तर जानेवारीत संपतं, परीक्षेला धक्का लागत नाही. गुणतक्ता लावायचा असेल तर खुशाल लावा, फक्त त्याच्या शेजारी दुसरा कागद चिकटवा: मुलाचं नाव, सामना क्रमांक, किती मिनिटं, कुठल्या जागेवर. आणि तो पालकांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लिहा.