हक्काची साखर

आमच्या आप्पांचा गावाकडच्या सहकारी कारखान्यात शेअर आहे. जमीन वाटण्यांमध्ये गेली, घर पडलं, पण शेअर आहे, आणि शेअर आहे म्हणजे दिवाळीआधी सभासदाची सवलतीची साखर आहे, आणि ती आणायचा मान दरवर्षी माझा. कोथरूडला आमच्या बिल्डिंगखालीच किराणावाला आहे, फोन केला की वर आणून देतो. पण ती विकतची! ही हक्काची.

मग काय, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठा, हडपसरचं ट्रॅफिक, टोल, आणि शेवटी कारखान्याच्या गोडाऊनपुढे लाईन. खिडकीतला क्लार्क म्हणाला, सभासद कुठंयत? म्हटलं पुण्याला, गुडघे दुखतात त्यांचे. मग सहीचं पत्र. ते होतं. आधारची झेरॉक्स? ती नव्हती, आणि गेटबाहेरचा झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. मी जरा आवाज चढवला तर मागचे काका म्हणाले, "पाव्हणं, १९६६ च्या सरकारी ऊस-ऑर्डरमधी लिवलंय, ऊस घातला की १४ दिवसांत पैसं. आमी काय म्हनतो का काय? तुमी झेरॉक्सला कटाळला व्हय." गप्प बसलो.

बरं, राज्याच्या साखरेचा सगळा हिशोब पुण्यातच. साखर आयुक्तांचं ऑफिस शिवाजीनगरला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला. साखर तेवढी आम्ही जाऊन आणायची. एकदा येताना मी फोनवर पेट्रोल, टोल, मिसळ सगळं मांडलं, तर आमची सवलतीची साखर दुकानातल्यापेक्षा महाग पडत होती. आप्पांना दाखवलं. "पेट्रोल धरायचं नसतं," एवढंच बोलले आणि पेपर वर केला.

त्यांचंही एका अर्थी बरोबर आहे. १९७८ ला सरकारने साखरेवरचा कंट्रोल उठवला, भाव कोसळले, शेतकऱ्यांना उसाचे पैसे मिळेनात, त्यांनी ऊस कमी केला, आणि १९७९-८० ला साखर गायब. आप्पा तेव्हा पुण्यात नवीन नोकरीला, पेठेतल्या खोलीत राहून रेशनच्या लायनीत उभे. कारखान्यांकडून सक्तीने घेतलेली लेव्हीची साखर कार्डावर मिळायची, तीही आली तर. पाहुणे आले की आई गुळाचा चहा करायची आणि आम्हाला असाच आवडतो म्हणून सांगायची. ती लेव्ही पार २०१३ ला बंद झाली. पुढे साखर एवढी झाली की २०१९ ला सरकारने कारखान्यांना सांगितलं, ३१ रुपये किलोच्या खाली विकायचीच नाही. हे आप्पांना सांगून उपयोग नाही, त्यांच्या डोक्यातली लाईन अजून हललेली नाही.

तर पोतं लिफ्टमधून वर येतं (लिफ्ट बंद असेल तर माझ्या पाठीवरून), आणि घरात गोड खाणारं कोण? आप्पांना डायबेटीस, बायकोचं डाएट, पोरगी ब्लॅक कॉफी पिते. राहता राहिल्या मुंग्या. त्यामुळे आप्पा अख्ख्या मजल्यावर वाटप करतात, एखादा चेअरमन असल्यासारखे.

यंदा समोरच्या काकू स्टीलचा डबा घेऊनच आल्या. चिमूटभर साखर तळहातावर घेतली, चष्मा सरकवून बघितली.

"या वेळी एस-थर्टी दिसतेय. मागच्या वेळचा दाणा मोठा होता, एम-थर्टीचा." मग माझ्याकडे वळून, "घेताना बघून घेत नाही का रे तू?"