गच्चीवरचा टॉवर आणि त्याखालचे घर

आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरील मोबाइल टॉवरच्या कराराचे नूतनीकरण हा विषय आहे, आणि हाच प्रश्न अनेक सोसायट्यांपुढे असल्यामुळे माझे मत येथे सविस्तर मांडत आहे.

माझा टॉवरला विरोध नाही. रेंज सर्वांनाच हवी आहे. सभेत वाद पेटतो तो किरणोत्सर्गावरून. पण १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या किरणोत्सर्गाची आपल्याकडील मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश आहे, आणि ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर परिसरातील टॉवरची माहिती पाहता येते. मला काळजी आहे ती स्लॅबची.

आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची, तिशी ओलांडलेली. टॉवरचे खांब उभारताना गच्चीचा कोबा फोडून स्लॅबमध्ये बोल्ट बसवले गेले. पहिले दोन पावसाळे काही जाणवले नाही. तिसऱ्या पावसाळ्यात चौथ्या मजल्यावरील आजींच्या खोलीच्या छताला ओल आली, रंगाचे पोपडे निघाले, आणि गणपतीच्या दिवसांत एका रात्री परातीएवढे प्लास्टर त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी कोसळले. आतली सळई गंजून फुगलेली होती. वॉटरप्रूफिंग सोसायटीने करायचे असते असे कंपनीने सांगितले. बोल्ट कंपनीने मारले असे कमिटीने सांगितले. या पत्रव्यवहारात दीड वर्ष गेले. टॉवरच्या भाड्यामुळे सर्वांचाच मेंटेनन्स कमी झाला, गळती मात्र एकाच घराच्या वाट्याला आली.

राज्याच्या नगरविकास विभागाने २०१४ च्या नियमावलीत सत्तर टक्के रहिवाशांच्या संमतीबरोबरच टॉवरखालच्या, सर्वांत वरच्या मजल्यावरील घरमालकांची संमती आवश्यक ठरवली होती, त्यामागचे शहाणपण मला त्या खोलीत उभे राहिल्यावर कळले. पुढे केंद्राने २०१६ चे मार्गाधिकार नियम (दूरसंचाराच्या तारा आणि टॉवर कोणाच्या परवानगीने उभारायचे याचे नियम) आणले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांत दुरुस्ती करून खासगी इमारतीवरील टॉवरसाठी स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीची गरजच काढून टाकली. काम सुरू करण्यापूर्वी लेखी सूचना आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र एवढे पुरेसे ठरले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. फायली महिनोन्‌महिने पडून राहत आणि फाइव्ह-जीचे जाळे लवकर उभारायचे होते, हे मला मान्य आहे. तरीही परवानगी द्यायची म्हटले की कोणाला तरी कागद तपासून सही करावी लागते, सूचना मात्र नुसती दप्तरी दाखल होते, आणि मग इमारतीच्या सुरक्षिततेचा सगळा भार त्या एका प्रमाणपत्रावर येतो, ज्याचे शुल्क बहुधा टॉवर उभारणारी कंपनीच भरते.

शिवाय ते प्रमाणपत्र त्या दिवसापुरते असते. त्याच खांबांवर पुढे दुसऱ्या कंपनीचे अँटेना चढतात, बॅटऱ्यांचे कपाट वाढते, एखादा जनरेटरही येतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवे. करार मात्र कितीतरी अधिक वर्षांचे होतात, आणि त्या ऑडिटचा कराराशी काही संबंध जोडलेला नसतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे की प्रमाणपत्र, त्यामागील भाराच्या हिशेबासह, ठराव मांडण्यापूर्वी सभासदांच्या हाती द्यावे. ते सोसायटीने स्वतः नेमलेल्या इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. नवे यंत्र चढवण्यापूर्वी प्रत्येक वेळी नवे प्रमाणपत्र मागावे. आणि गळती झाल्यास दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करायची, हे करारात स्पष्ट लिहावे. भाड्याचा काही भाग गच्चीच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा, ही सूचनाही मी मांडणार आहे.

आजींना आता जिना उतरवत नाही. या वेळची सभा चौथ्या मजल्यावर, त्यांच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये घ्यावी, असे पत्र मी काल सेक्रेटरींना दिले आहे.