घर पडलं की चूक घरवाल्याचीच? त्या मेसेजला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून लातूर-धाराशिवकडच्या बऱ्याच गावच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, लिहिला कुणी माहीत नाही पण पाहुण्यारावळ्यांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी पुढं ढकललाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. किल्लारीला १९९३ च्या भूकंपात माणसं मेली ती स्वतःच बांधलेल्या दगडमातीच्या घरांमुळं, त्यात सरकारचा काय दोष. नंतर सरकारनं पक्की घरं फुकट दिली तर लोकांनी त्यात कडबा भरला. आता घरकुलाला सव्वा लाख मिळतात, तेवढ्यात घर होतंच, नाही झालं म्हणजे पैसे खाल्ले. इमारतींचं ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी वगैरे, मुंबई-ठाण्याची भानगड. आणि पडलंच घर तर भरपाई मिळते की, अजून काय पाहिजे, घर तुमचं तर जबाबदारी तुमची.

मला हा मेसेज शिकलेल्या माणसांनी पाठवला, नोकरदार, मास्तर, एक तर आमच्याच भावकीतला इंजिनिअर. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण यातलं अर्धं खरं आहे आणि त्यामुळंच पूर्ण मेसेज खरा वाटतो.

किल्लारीपासूनच सुरू करू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला आलेले, रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. सरकारी मोजणीतच साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. घरांनीच मारली, हे खरं. ज्यांनी जुनं माळवद बघितलंय त्यांना सांगायला नको, भिंत दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर लाकडी खण, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती, आणि गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात अजून थोडी. धक्का बसला की भिंतीचे दोन्ही थर फुगून सुटे होतात आणि वरचा सगळा बोजा अंथरुणावर येतो.

पण हे त्या माणसांना सांगितलं कुणी होतं? तेव्हाच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये, म्हणजे झोन १ मध्ये होता. अशा दगडमातीच्या घरांना भूकंपात टिकवायचं कसं याचं भारतीय मानक, आयएस १३८२८, तेच मुळी १९९३ सालचं आहे. आणि किल्लारीत धक्के काही त्या एकाच रात्री बसले नव्हते, वर्षभर आधी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत जमीन हलत होती, ऑक्टोबरात तर चार रिश्टरचा धक्का बसला. ज्या शेतकऱ्यानं आज्या-पणज्यानं बांधलं तसंच शेतातल्या दगडानं घर बांधलं त्याला अडाणी म्हणायचं, आणि ज्यांच्याकडं यंत्रं, नकाशे, इंजिनिअर सगळं होतं त्यांना एक शब्द विचारायचा नाही, हा कुठला न्याय? पुढं २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग थेट झोन ३ मध्ये घातला. म्हणजे आधीचा अंदाज चुकला होता हे कागदावर मान्यच झालंय.

आता नव्या घरांत कडबा भरला त्याबद्दल. भरला, बऱ्याच जणांनी भरला, मी पण बघितलाय. ५२ गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं ते जमिनीवर ठरवलं, भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. ज्याच्याकडं आधी वाडा होता, अंगण होतं, गुरांचा गोठा होता, त्याला सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यावर एक खोका मिळाला, शेत लांब, भावकी दुसऱ्या गल्लीत, कडबा ठेवायला जागा नाही. मग माणूस कडबा ठेवणार कुठं? शिवाय ऐसपैस आखलेल्या त्या गावांचे रस्ते, नाल्या, पाण्याच्या लायनी सांभाळायला ग्रामपंचायतीकडं पैसा पाहिजे, तो कुठून येणार याचा विचार झाला नाही. घरं मजबूत होती हे मी नाकारत नाही, पण राहणाऱ्याला न विचारता बांधलेलं घर राहणाऱ्याच्या कामाचं निघालं नाही तर खापर त्याच्या डोक्यावर फोडू नका.

आणि या मेसेजनं सगळ्यात महत्त्वाचं तेच गाळलंय. किल्लारीनंतर फक्त नवी गावं झाली नाहीत. जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात जवळपास दोन लाख घरं होती त्याच जागेवर दुरुस्त आणि मजबूत केली गेली. भिंतीत आरपार जोडदगड घालणं, दार-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना गुंडाळणारा सिमेंटचा पट्टा टाकणं, कोपरे बांधून घेणं, माळवदावरची माती उतरवून हलकी करणं, असली कामं. घरवाल्यानं स्वतः करून घ्यायची, पैसे हप्त्यानं, इंजिनिअर बघून जाणार. आणि गावोगाव संवाद सहायक म्हणून त्याच गावातल्या बायका नेमल्या होत्या. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती, महिला मंडळांना धरून काम चाललं. पट्टा कशाला टाकायचा, वाळू कसली घ्यायची, मिस्त्री टाळाटाळ करतोय का, हप्ता का अडकला, हे सगळं त्या बायका घरोघर जाऊन बघायच्या. आमच्याकडच्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायकांना आजपण जोडदगड म्हणजे काय ते सांगता येतं, कुठल्याही गावात विचारून बघा. म्हणजे सरकारला हे जमत नाही असं नाहीच. जमलं होतं, आपल्याच जिल्ह्यात. मग आज का होत नाही हा प्रश्न आहे, आणि तो घरवाल्याला विचारायचा नाही.

घरकुलावर येतो, कारण पैसे खाल्ले हा आरोप मला सगळ्यात जास्त झोंबला. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. घर कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. भागाकार करा, चौरस फुटाला साडेचारशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. साहित्यासकट हजाराच्या आत स्लॅबच्या कामाला हात लावणारा मिस्त्री तुमच्या गावात असेल तर मला कळवा. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे मिळतात, २०२५ मध्ये राज्यानं ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार छतावरच्या सोलरसाठी. ५ ब्रास वाळू मोफत म्हणून सांगितलं. हे सगळं धरलं तरी उरलेले पैसे सावकाराकडून, बचत गटाकडून नाहीतर सोनं मोडून येतात. पहिला हप्ता १५ हजारांचा, तेवढ्यात काळ्या जमिनीत पाया खणून भरून होत नाही.

आणि काळी जमीन म्हणजे काय ते मराठवाड्यात राहणाऱ्याला माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर भिंत तिरकी चिरते म्हणजे चिरतेच. मुरूम कुठं तीन फुटांवर लागतो कुठं आठ फुटांवर, पण पैसे दोन्हीकडं तेवढेच.

माझ्या मामीचं घरकुल चालू होतं तेव्हा मी गेलतो. कॉलमचे गज उभे होते, त्यांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी रिंगा हातभर अंतरावर बांधलेल्या आणि त्यांची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली. ती टोकं आत, काँक्रिटच्या गाभ्यात वळवायची असतात, १३५ अंशात, नाहीतर धक्क्यात रिंग उघडते आणि गज बाहेर फुगतो. मिस्त्रीला सांगितलं तर तो म्हणाला, दादा, वीस वर्षं असंच करतोय, कुणी काय बोललं नाही. खोटं बोलत नव्हता तो. जोत्याचा फोटो काढायला माणूस आला, मामीला समोर उभं केलं, मोबाईलवर जिओटॅग फोटो काढला आणि गेला. पाया किती खोल, खाली मुरूम लागला का माती, विचारलं नाही. त्या पोराला मी दोष देत नाही, कंत्राटावरचा ग्रामीण गृहनिर्माण अभियंता, त्याच्याकडं कितीतरी गावं आणि वरून रोज टार्गेट विचारणारे साहेब. पण फोटोत भिंत दिसते, भिंतीच्या आतलं दिसत नाही. हप्ता सोडायचा निकष जर घर कुठवर आलं एवढाच असेल तर ते टिकेल का हे बघणं कुणाचंच काम राहत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. एवढ्याशा घराला बारीक कॉलमांपेक्षा जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली असे तीन पट्टे सलग दिले, कोपऱ्यात उभे गज दिले, तर भिंती एकमेकींना धरून राहतात आणि खर्चही आवाक्यात राहतो. केंद्रानंच ‘पहल’ नावानं त्या त्या भागाच्या जमीन-हवामानाप्रमाणं घरांचे नमुने तयार करून घेतलेत. गवंड्यांच्या ४५ दिवसांच्या ट्रेनिंगची तरतूद योजनेतच आहे. तुमच्या गावात यातला एक तरी नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलाय का?

ऑडिट मुंबईचं काम, हे तर सरळ चूक. १९४९ चा महापालिका अधिनियम लातूर, नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, सगळ्यांना लागू आहे आणि त्यातलं कलम २६५ अ सांगतं की ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी झालीच पाहिजे. नगरपालिकांना १९६५ चा अधिनियम आहे, धोकादायक इमारतीवर कारवाईचा अधिकार मुख्याधिकाऱ्याला आहे. महाडची इमारत २४ ऑगस्ट २०२० ला पडली, १६ माणसं गेली, महाड काही मुंबई नाही, तालुक्याचं गाव आहे. आपल्याकडं मे-जूनमध्ये जुन्या बाजारपेठेतल्या वाड्यांवर नोटीस चिकटवतात, मालकाला भाडेकरू नको असतो म्हणून तो दुरुस्त करत नाही, भाडेकरू निघत नाही कारण एकदा निघालो की जागा गेली ही भीती. दुरुस्तीसाठी घर सोडलं तर परत येण्याचा हक्क १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे, पण नोटीस देताना हे त्याला लिहून कोण देतं? नोटीस दिली म्हणजे पालिकेचं काम संपलं असं नाही.

भरपाईचं थोडक्यात सांगतो. घर पूर्ण पडलं तर आपत्ती निधीच्या निकषानं १ लाख २० हजार, पक्क्या घराची थोडी पडझड असेल तर ६,५०० आणि कच्च्याची ४,०००, तेही १५ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर. २०२५ च्या सप्टेंबरात अख्खा मराठवाडा पाण्याखाली होता, ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, चांगली गोष्ट. पण ४,००० रुपयांत भिंत उभी राहत नाही, आणि माणूस गेल्यावर मिळणारे ४ लाख ही घर तपासण्याच्या बदल्यात दिलेली रक्कम होऊ शकत नाही.

घर आमचं, जबाबदारी आमची, हे मान्य आहेच हो. पण योजना सरकारची, नकाशा सरकारचा, तपासणारा माणूस सरकारचा, तेवढी जबाबदारी तर त्यांनी घ्यावी.

आणि हे जुनं प्रकरण नाही. हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला ४.५ चा धक्का बसला, परत १० जुलैला तेवढाच, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडं तर जमिनीतून आवाज येतात म्हणून लोक कितीतरी वर्षांपासून सांगतायत. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनानं पत्र्यावर ठेवलेले दगड काढा म्हणून आवाहन केलं. बरोबर सल्ला आहे, पण दगड लोकांनी हौसेनं ठेवलेले नाहीत, वावटळीत पत्रे उडतात म्हणून ठेवलेत. दगड काढायचे तर पत्र्याला हुक-बोल्ट आणि खाली धड चौकट पाहिजे, आणि घरकुल योजना नवं घर देते, उभं असलेलं कमकुवत घर दुरुस्त करायला पैसे देत नाही.

म्हणून मेसेज पुढं ढकलण्यापेक्षा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, जी ग्रामसभा आधी येईल तिथं दोन ठराव मांडा. घरकुलाचा हप्ता सोडण्याआधी पाया आणि पट्टा इंजिनिअरनं प्रत्यक्ष बघून नाव-तारखेसह सही करावी, आणि १९९३ नंतर केली तशी जुन्या घरांच्या मजबुतीकरणाची योजना लातूर, धाराशिव, हिंगोलीत परत सुरू करावी, गावातल्या बायकांना संवाद सहायक नेमून. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या, गटविकास अधिकाऱ्याकडं द्या, पोच घ्या. महिन्याभरात काही हललं नाही तर तुमच्या गावच्या घरकुलांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा, सह्या कुणाच्या आहेत ते बघा.